कामाची जागा आजारी कशी पडते?

रक्त तपासलं, ईसीजी काढला, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी डोकं दुखतं, जेवण वर येतं, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड सुरू होते आणि चार दिवस गावी गेलात की सगळं आपोआप थांबतं. तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कुणाचं असं होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अशा वेळी डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणतात आणि घरचेही तेच म्हणतात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. टेन्शन तुम्ही घेत नसता, बऱ्याचदा ते तुम्हाला दिलेलं असतं. कुठे दिलं जातं, कसं दिलं जातं आणि चांगली माणसं एकत्र काम करत असतानाही एखादी जागा सगळ्यांना आजारी पाडणारी कशी होते, हे समजलं तर निदान "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हे ओझं तरी उतरतं.

कामाची संस्कृती हा शब्द ऐकला की मोठ्या कंपनीतल्या फलकावरची वाक्यं आठवतात. ती बाजूला ठेवा. तुमच्या कामाच्या जागेची खरी संस्कृती तीन प्रसंगांत दिसते: कुणी आजारपणाची रजा मागितली की काय होतं, कुणाच्या हातून चूक झाली की काय होतं, आणि "हे जमणार नाही" असं कुणी म्हटलं की काय होतं. तिथे दहा माणसं असोत की दहा हजार, हे तीन प्रसंग पुरतात.

"एवढ्या वेळेपुरतं करू या"

मी ज्या भागात प्रॅक्टिस करते तो जिते, हमरापूर, जोहे हा पेण तालुक्याचा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. बाहेरच्या वाचकांना कारखाना म्हटल्यावर चिमणी आणि भोंगा आठवेल. इथे ताडपत्रीच्या शेडलाही कारखाना म्हणतात. साच्यातून मूर्ती काढणं, पॉलिश पेपर मारणं, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. काम वर्षभर चालतं, पण खरी घाई पावसाळ्यात. हवा दमट, मूर्ती लवकर वाळत नाही, लाइट जाते, आणि चतुर्थीची तारीख तर कुणासाठीच पुढे सरकत नाही. 2025 मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न उच्च न्यायालयात जून महिन्यापर्यंत लोंबकळत राहिला आणि चतुर्थी होती 27 ऑगस्टला. मधल्या दिवसांत किती कारखान्यांत रात्रीचे दिवे विझले नसतील याची कल्पना करा.

अशा घाईत रात्र जागवणं यात वाईट काहीच नाही. पहिल्या वर्षी मालकही हातात ब्रश घेऊन बसतो, घरातली बायकामाणसं येतात, मध्यरात्री चहा-वडापाव होतो, गाणी लागतात. लोक नंतर त्या रात्रींच्या आठवणी हौसेने सांगतात. शरीरही अशी दोन-तीन आठवड्यांची ओढाताण सहन करतं, कारण पुढे विश्रांती आहे हे त्याला ठाऊक असतं.

बिघाड दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी सुरू होतो, तोही कागदावर. नवी ऑर्डर घेताना मालक हिशोब करतो आणि त्या हिशोबात गेल्या वर्षीच्या जागवलेल्या रात्री आधीच धरलेल्या असतात. जी मेहनत अपवाद म्हणून केली होती, तिच्यावर आता ऑर्डर उभी असते. कुणी मुद्दाम कुणाला त्रास द्यायचं ठरवलेलं नसतं. शेजारच्या कारखान्याने कमी दर सांगितला, म्हणून यानेही सांगितला, एवढंच. पण इथून पुढे जो रात्री थांबत नाही तो "साथ देत नाही" असं होतं. काल जो केवळ वेळेवर घरी जाणारा माणूस होता, तो आज कामचुकार ठरतो.

माझ्या मते कामाची जागा आजारी पडण्याचा नेमका क्षण हाच: कुणाचा तरी जादा ताण रोजच्या हिशोबात धरला जातो. मग ती जागा गणपतीचा कारखाना असो, रसायनांचा प्लांट असो, बँकेची शाखा असो किंवा दवाखाना. प्लांटमध्ये पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नाही म्हणून एखादा ऑपरेटर सोळा तास उभा राहतो. महिनाभर असं निभावलं की वरच्या मजल्यावर कुणाला तरी वाटतं, एवढ्या माणसांत चालतंय की! जागा रिकामीच राहते. माणसाने दाखवलेली निष्ठा हाच माणसं कमी ठेवण्याचा पुरावा होतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी याच गोष्टीचा खोलवर अभ्यास केला, पण फार वेगळ्या ठिकाणी. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि त्यातले सातही अंतराळवीर गेले. ज्या रबरी कड्यांमुळे हा अपघात झाला, त्या आधीच्या उड्डाणांतही झिजलेल्या, जळालेल्या आढळल्या होत्या. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आलं, आणि प्रत्येक वेळी "एवढं चालतं" याची हद्द थोडी पुढे सरकली. वॉन यांचं म्हणणं असं की नियम मोडणारी माणसं तिथे नव्हती. तिथे नियमच हळूहळू वाकला होता आणि आतल्या लोकांना तो वाकलेला दिसत नव्हता. नासासारख्या संस्थेत हे होऊ शकतं, तर मग मास्क न लावता स्प्रे मारणाऱ्या पोराला "आजवर काही झालं नाही" असं वाटण्यात नवल नाही.

बीडचा कोयता

महाराष्ट्रात या सगळ्याचं सर्वांत बोलकं आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण ऊसतोडीचं आहे. ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात प्रत्येक पायरी उघड दिसते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो. म्हणजे मजुरीचं एकक माणूस नाही, जोडपं. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम या जोडप्याला "उचल" देतो, आगाऊ रकमेची. मग साधारण दिवाळीच्या सुमाराला कुटुंब कारखान्याच्या भागात जातं, शेताच्या कडेला कोपी उभारतं आणि पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसातून ती उचल फेडतं. ऊस तोडला की त्यातली साखर तासागणिक घटते, म्हणून गाडी येईल तेव्हा भरावी लागते, मग मध्यरात्र असो की पहाट. एक दिवस काम बुडालं तर त्याला "खाडा" म्हणतात आणि खाड्याला दंड असतो. पाचशे रुपये आणि त्याहून जास्त दंडही बायकांनी सांगितलेला आहे. कोयता जोडप्याचा असल्यामुळे बाई आजारी पडली तरी खाडा दोघांचा.

आता त्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. शेतात संडास नाही, पाणी बेताचं, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. लघवीला जायला नको म्हणून ती पाणीच कमी पिते. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढते. यातून जंतुसंसर्ग, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जास्त जाणं हे सुरू होतं. पाळीचे दोन-तीन दिवस बसून राहणं परवडत नाही. दवाखान्यात जाते, तेव्हा गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊन पुन्हा तपासायला यायला तिच्याकडे सवड नसते. कुणीतरी म्हणतं, पिशवीच काढून टाका. कधी कॅन्सरची भीती घातली जाते. जावेने काढली, शेजारणीने काढली, त्यांचा त्रास गेला असं दिसतं. मग ऑपरेशनला पुन्हा उचल.

2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. त्या सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं.

डॉक्टर म्हणून हे नोंदवलं पाहिजे की यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असं नाही. काही वेळा गर्भाशय काढणं हाच योग्य उपचार असतो. पण तिशीत गर्भाशय काढलं, आणि त्याबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी थांबण्याचे सगळे परिणाम वीस वर्षं आधी सुरू होतात: हाडं ठिसूळ होणं, अंगाची आग, झोप जाणं, सांधे-पाठ दुखणं. अंडाशय ठेवले तरी काहींचे लवकर मंदावतात. म्हणजे ज्या ताकदीसाठी ऑपरेशन केलं, तीच कमी होते.

या साखळीतल्या प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे. साखर कारखाना म्हणतो ऊस वेळेत हवा. मुकादम म्हणतो माझी उचल अडकली आहे. नवरा म्हणतो खाडा कसा भरू. सासू म्हणते आम्हीही असंच केलं. डॉक्टर म्हणतो बाई पुन्हा येणारच नाही, मग काय करू? एकेकाचं ऐकलं तर पटतं. सगळ्यांची बेरीज केली की एका जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक गर्भाशयं जातात. समितीनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. त्याने ऑपरेशनला आळा बसतो. शेतातला संडास, पाणी आणि खाडा हे प्रश्न मात्र परवानगीच्या कागदाने सुटत नाहीत.

तुम्ही ऑफिसात असाल आणि वाटत असेल की याचा आपला काय संबंध, तर सेल्स काउंटरवर दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींना विचारा त्या दिवसभरात पाणी किती पितात. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या तरुण मुलींना मी आता औषध लिहिण्याआधी विचारते, कामावर बाथरूम आहे का, आणि असेल तर जाऊ देतात का.

सोसणाऱ्याचं कौतुक, बोलणाऱ्याचं नाव

एकदा ताण हिशोबात धरला गेला की तो टिकवून ठेवायला दोन गोष्टी पुरतात. एक, जो सोसतो त्याचं कौतुक. दुसरी, जो बोलतो त्याच्यावर शिक्का.

कौतुक जास्त घातक, कारण ते गोड असतं. "हा माणूस ताप असताना आला", "हिने बाळंतपणानंतर दीड महिन्यात जॉइन केलं". अशांना बढती मिळते. ते साहेब होतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत सोसणं हीच लायकी असते. आम्ही केलं, तुम्हाला काय झालं! सासुरवास जसा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो, तसाच हाही जातो.

आमच्याच क्षेत्राचं बोलू. निवासी डॉक्टरांनी सलग किती तास काम करावं याबद्दल केंद्र सरकारची 1992 ची योजना दिवसाला 12 तासांची मर्यादा सांगते. शिकाऊ डॉक्टरांना आजही छत्तीस तासांच्या ड्यूट्या सर्रास लागतात आणि वरिष्ठ त्या अभिमानाने सांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. मर्यादाच एवढी असेल तर प्रत्यक्षाचा अंदाज तुम्हीच करा. आणि तासांपलीकडे जात, भाषा, गाव यांवरून टोमणे असतात. 2019 मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरने जीव दिला, तेव्हा वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. खटला न्यायालयात आहे, निकाल तिथे लागेल. पण ज्यांनी लोकांना बरं करायचं त्यांच्या जागा एवढ्या आजारी असू शकतात, हे रुग्णांनाही माहीत असलेलं बरं.

पुण्यातलं 2024 चं प्रकरण अनेकांना आठवत असेल. एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत नुकतीच लागलेली 26 वर्षांची सनदी लेखापाल जुलैमध्ये वारली आणि तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे पोहोचलं. मृत्यूचं वैद्यकीय कारण आणि काम यांचा संबंध बाहेरून कुणी ठरवू नये. संस्थेनेही तो नाकारला. मला महत्त्वाचं वाटलं ते त्यानंतर जे झालं ते. देशभरातून शेकडो तरुणांनी लिहिलं की आमच्याकडेही असंच आहे. एवढी माणसं एकाच वेळी बोलतात याचा अर्थ एवढी माणसं एकेकटी गप्प होती.

गप्प राहण्याचीही कारणं असतात. आमच्या भागात कायम कामगार आणि ठेकेदाराकडचा कामगार एकाच यंत्रावर शेजारी उभे असतात. युनिफॉर्मचा रंग वेगळा, कँटीनची वेळ वेगळी, पगारात मोठा फरक. ठेकेदाराच्या माणसाने तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास चालत नाही. कायम कामगार बोलू शकतो, पण त्याला त्रास कमी असतो. ज्याला सर्वांत जास्त दिसतं त्याला सर्वांत कमी बोलता येतं, अशी ही रचना आहे.

शरीरात काय होतं

संकट आलं की शरीर अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. नाडी, रक्तदाब, साखर वाढते, पचन मंदावतं, झोप उडते. संकट संपलं की सगळं खाली येतं. कामाच्या जागेचा ताण संपतच नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री अकराला वाजतो, आणि नाही वाजला तरी वाजेल म्हणून तुम्ही जागे असता.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के अधिक असतो. 2016 या एका वर्षात लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडता येतील असे सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू जगभरात झाले. 55 तास म्हणजे सहा दिवस, रोज नऊ तासांहून थोडं जास्त. जिते किंवा हमरापूरहून मेमूने पनवेलकडे कामाला जाणाऱ्याचा प्रवास यात धरलेला नाही.

पण फक्त तास मोजू नका. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल या प्रसिद्ध अभ्यासात हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या लोकांत जास्त आढळला. सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे कामावरचा ताबा. काम खूप आहे, पण कधी, कसं करायचं हे मी ठरवतो, तर शरीर बरंच झेलतं. काम खूप आणि ठरवणारा दुसराच, हे शरीराला झेपत नाही.

बर्नआउट हा शब्द आता सगळेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. तीन खुणा: कायमचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि पूर्वी सहज जमणारं काम आता न जमणं. या खुणा कामापुरत्या असतात. मुलांसोबत खेळतानाही काहीच वाटत नाही, जेवणाची चव गेली, जगण्यात अर्थ नाही असं दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला वेगळे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

एक इशारा मात्र आमच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. सगळंच "स्ट्रेस"वर ढकलू नका. थकवा म्हणून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 7 निघतं. चिडचिड होते म्हणणाऱ्याचा थायरॉइड बिघडलेला असतो. दिवसा झोप येणाऱ्याला रात्री घोरताना श्वास अडकण्याचा त्रास असतो. रंगाच्या शेडमध्ये काम करणाऱ्याची डोकेदुखी थिनरच्या वाफेची असू शकते, खोकला पॉलिश पेपरच्या धुळीचा. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12 आणि रक्तदाब एकदा बघून घ्यावा. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर शिफ्ट संपायची वाट न बघता 108 ला फोन करा.

घरच्यांना कधी कळतं

बहुतेक वेळा माणसाच्या आधी घरच्यांना कळतं. गप्प होतो. मुलांवर ओरडतो. तंबाखूची पुडी दोनाची चार होते, शनिवारची बाटली बुधवारीही येते. गाडीवरून येताना डुलकी लागली असं हसत सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर रात्रपाळीनंतर दुचाकीने येणाऱ्यासाठी ती डुलकी ही सर्वांत आधी सांभाळायची गोष्ट आहे. बसने या, किंवा निघण्याआधी अर्धा तास झोपा.

"सोडून दे नोकरी" असं लगेच म्हणू नका. हप्ते तुम्हालाही माहीत आहेत. आणि "सगळीकडे असंच असतं" हेही म्हणू नका, कारण याच वाक्यावर या जागा चालतात. त्याऐवजी नेमकं विचारा: आज काय झालं, कोण काय बोललं, उद्या काय होईल याची भीती वाटते? ऐकून घेतल्याने साहेब बदलत नाही, पण जे घडतंय ते विचित्र आहे एवढी खात्री त्या माणसाला परत मिळते. आतल्या लोकांना वाकलेला नियम दिसत नाही, बाहेरच्याला दिसतो. मरणाचा विषय निघाला, "मी नसलो तर बरं" असं शब्द आले, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

काय करता येतं

आधी हे तपासा की तातडीला शेवट आहे का. चतुर्थीनंतर, मार्च अखेरीनंतर, ऑडिटनंतर खरंच काम हलकं होतं का? होत असेल तर तो मोसम आहे, झोप आणि जेवण सांभाळून निघून जाईल. होत नसेल तर ती घाई कायमची आहे, आणि तिच्यासाठी तुम्ही तुमची झोप कायमची देऊ शकत नाही.

लिहून ठेवायची सवय लावा. तारीख, आलो-गेलो ती वेळ, काय सांगितलं गेलं. भांडणासाठीच असं नाही. दोन आठवड्यांनी वाचलं की तुम्हालाच दिसतं की "कधीतरी" म्हणजे आठवड्यातून चारदा.

मागणी नेमकी आणि शक्यतो दोघा-तिघांनी मिळून करा. "ताण फार आहे" याला उत्तर नसतं. "रिलिव्हर नसेल तर बारा तासांनंतर बदली कोण देणार, हे वेळापत्रकात लिहा" याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ही तत्त्वं कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्यापासून चालत आली आहेत. आठवड्याची सुट्टी तर त्याहून जुनी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, आणि ती मागण्याआधी कामगारांनी सभा भरवल्या, अर्जांवर सह्या केल्या. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की गिरण्या बंद पडतील.

लैंगिक छळाची तक्रार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समितीकडे करायची असते. त्याहून लहान जागी, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, योग्य कारण असेल तर ती वाढवून मिळते. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी बाई किंवा घरकामाची मावशी यांनाही हा कायदा लागू आहे, हे त्यांनाच सहसा माहीत नसतं. यंत्राला गार्ड नाही, वायूचा वास येतो, मास्क देत नाहीत, अशा गोष्टी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कळवता येतात.

ईएसआयसी कापली जात असेल तर पगाराची स्लिप बघून कार्ड काढून घ्या. आजारपणात पात्र कामगाराला वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. ठेकेदाराच्या कामगारालाही. कित्येक जण पगारातून पैसे जात असूनही ताप अंगावर काढतात, कारण रजा म्हणजे बिनपगारी एवढंच त्यांना सांगितलेलं असतं.

डॉक्टरकडे येताना कामाबद्दल स्वतःहून सांगा. आम्ही पाच मिनिटांत बीपी आणि पोट बघतो, पण तुमची शिफ्ट कुठल्याही रिपोर्टमध्ये उमटत नाही. काय काम करता, किती तास, रात्रपाळी किती, कुठल्या रसायनाशी किंवा रंगाशी संबंध येतो, डब्यावरच्या लेबलचा फोटो, सुट्टीत त्रास कमी होतो का, आणि घरी मोजलेलं दोन आठवड्यांचं बीपी: सकाळी एकदा, रात्री एकदा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही दिवशी. मेडिकल सर्टिफिकेट लागणार असेल तर त्यावर फक्त "विश्रांतीची गरज" असं न लिहिता नेमकं लिहून मागा: इतके दिवस रात्रपाळी नको, इतकं वजन उचलणं नको, दर दोन तासांनी बाथरूमला जाण्याची मुभा हवी. त्याची एक प्रत कंपनीत द्या, पोच घ्या आणि दुसरी घरी ठेवा.